पहिल्या रांगेतली छत्री

"नेहमीचंच ना?" जोबात्तानं फोनवर विचारलं, आणि नीवेस "हो" म्हणायला गेली तर तिच्या तोंडातून "थांबा" असा शब्द बाहेर पडला.

तिचं तिलाच कळेना, हा आला कुठून. हात पिठानं माखलेले, फोन मान वाकडी करून खांद्याशी दाबून धरलेला, ओट्यावर आन्योलोत्ती नावाच्या भरल्या पास्त्यासाठी लाटलेली पातळ पोळी, आणि तिच्यावर काल उरलेल्या मांसाच्या सारणाचे चिमूट-चिमूट ढीग ओळीनं मांडलेले. मार्चमधला रविवार. दर वर्षी मार्चमध्ये असाच एखाद्या रविवारी, जेवणाच्या आधी, लोआनोहून जोबात्ताचा फोन यायचा. समुद्रकाठच्या त्या भाड्याच्या छत्र्या आधी त्याच्या बापाच्या होत्या, आता त्याच्या. तो विचारायचा, नेहमीचंच ना? ती म्हणायची, नेहमीचंच. मग तो तिच्या नवऱ्याला, ऑस्वाल्दोरावांना, नमस्कार सांगायचा, की झाला ऑगस्ट ठरून. पहिली रांग, पायऱ्यांच्या बाजूची छत्री, खाली दोन कापडी खाटा. ह्या एवढ्या बोलण्यात तिची पोर लहानाची मोठी झाली, सासू गेली, आणि नीवेसच्या पोहण्याच्या कपड्यांचा रंग लालवरून निळ्यावर आणि निळ्यावरून काळ्यावर आला. आणि आज ती म्हणाली, थांबा.

"काय म्हणालात नीवेसबाई?" जोबात्ताला वाटलं, लाइन खराब आहे.

"संध्याकाळी सांगते म्हटलं."

"संध्याकाळी?" त्यानं आवाज खाली आणला. "सगळं ठीक आहे ना घरी? नाही, मी आपला विचारतोय. तुमच्या छत्रीवर कुनेओच्या लोकांचा डोळा आहे, तुम्हाला ठाऊकच आहे. मी म्हटलं त्यांना, अहो, ती क्लोतिल्देबाईंची छत्री आहे. त्यांच्या घरचे अशी सोडतात होय!"

क्लोतिल्दे म्हणजे नीवेसची सासू. तिला जाऊन कैक वर्षं झाली तरी किनाऱ्यावर छत्री तिच्याच नावानं ओळखली जायची. तिनं सुरुवात केली होती मागच्या रांगेतून, जिथे समुद्र दिसण्याऐवजी लोकांच्या पाठीच दिसतात. त्या काळात पुढची रांग मिळायची ती कुणी मेलं तर, नाहीतर कुणाच्या पोरांची आपसात भांडणं होऊन छत्री सुटली तर. सासूनं दम धरला. रांगेमागून रांग पुढे सरकली, आणि नीवेसची लेक नोएमी पाऊल टाकायला लागली त्या उन्हाळ्यात एकदाची पहिल्या रांगेत येऊन बसली. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली होती, "आता आपल्या आणि समुद्राच्या मध्ये कोणी नाही." तेव्हा नीवेसलाही आनंदच झाला होता, खोटं कशाला बोला. पण त्याच संध्याकाळी, सगळे आवराआवरी करत असताना, समोरच्या त्या भल्यामोठ्या निळ्याकडे बघता बघता तिच्या मनात आलं होतं की हा तो निळा नाही. आणि लगेच तिनं मान फिरवून वाळूतली खेळण्यातली फावडी गोळा करायला घेतली होती.

तो निळा तिनं पाहिला होता त्याच्या आदल्या वर्षी. ऑस्वाल्दोच्या चुलतभावाचं लग्न पेरूज्याला होतं, तिथून परतताना वाटेत एका फाट्यावर पाटी दिसली: मोन्तेर्की. नीवेसला सातवा महिना. मोटारीत बसून कंबर धरलेली. ती म्हणाली, "पाचच मिनिटं हं, इथे एक चित्र आहे." ऑस्वाल्दो म्हणाला, "जा, मी एक सिगारेट ओढतो तोवर." गावाबाहेर कबरस्तान, त्यात एक छोटंसं प्रार्थनाघर, किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईनं दार उघडून दिलं आणि नीवेसच्या पोटाकडे बघून हसली, म्हणाली, "तुमच्यासारख्याच येतात इथे. जा, जा." आत भिंतीवर ती उभी होती, चित्रातली देवमाता. दोन देवदूतांनी तंबूचे पडदे दोन्हीकडून बाजूला केलेले, आणि मध्ये ती, एक हात कमरेवर, दुसरा पोटावर, जिथे झग्याची शिवण उसवून आतलं पांढरं दिसत होतं. नीवेसच्या लक्षात आलं की आपणही अगदी तशाच उभ्या आहोत. तोच हात कमरेवर, तोच पोटावर. तिला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणी आलं. आणि तो झगा. निळा म्हणावा तर निळा, पण आत कुठेतरी पहाटेचा करडेपणा असलेला, थंड आणि तरी उबदार. ती पुढे सरकली, जरा डोळे स्थिर करावेत म्हणून, आणि बाहेर हॉर्न वाजला. सिगारेट संपली होती. मोटारीत बसल्यावर ऑस्वाल्दोनं विचारलं, "काय होतं आत?" "एक बाई होती. गरोदर." "म्हणजे तुझ्यासारखी," तो म्हणाला, आणि दोघंही हसली. मनानं वाईट नव्हता तो, तेव्हाही नाही आणि आताही नाही. एक सिगारेट, तेवढंच त्याचं चित्रांसाठीचं माप होतं.

नोकरीही अशी की निळा पाठ सोडीना. तोरिनोच्या एका छापखान्यात शाळांची चित्रकलेची पुस्तकं छापली जायची, तिथे नीवेस रंगांचे कच्चे कागद तपासायची. भिंग डोळ्याला लावून बघितलं की कुठलंही चित्र म्हणजे नुसते चार रंगांचे ठिपके. सगळी इटली तिच्या हाताखालून गेली, ठिपक्याठिपक्यांनी. आणि एक दिवस मोन्तेर्कीची ती आली. नीवेसनं कागद परत पाठवला: निळा चुकलाय. मशीनवाला वर आला. "बाई, फोटोत असाच आहे." "फोटो चुकलाय." "तुम्ही बघितलंय का खरं?" "बघितलंय." "किती वेळ?" तिनं सही केली, पुस्तक छापलं गेलं, आणि पिढ्यान् पिढ्या पोरांनी तो चुकीचा निळा पाहिला. किंवा कदाचित बरोबरच असेल तो. कदाचित तिलाच त्या दिवशी, तसल्या अवस्थेत, भलता रंग दिसला असेल. हीच तर मेख होती. एकदा पुन्हा जाऊन, कुणीही हॉर्न न वाजवता, निवांत उभं राहून बघायचं होतं की आपण तेव्हा नीट पाहिलं होतं की नाही. एवढंच. म्हटलं तर किती क्षुल्लक, आणि म्हटलं तर सगळं आयुष्य त्यावर अडून बसलेलं.

"कोण होतं फोनवर?" ऑस्वाल्दो स्वयंपाकघरात डोकावला.

"जोबात्ता."

"अरे वा! म्हणजे आला उन्हाळा. सांगितलंस ना नेहमीचंच?"

"संध्याकाळी सांगते म्हटलं."

"संध्याकाळी?" त्यानं चष्मा वर केला. "त्यात सांगायचं काय आहे संध्याकाळपर्यंत? मुहूर्त बघायचाय?"

"मला विचार करायचाय."

"कसला?"

"चित्रं बघायला जावं म्हणते. एखाद्या गावी मुक्काम ठेवून. तिथून आजूबाजूला."

तो खुर्ची ओढून बसला. बोटानं ओट्यावरच्या पिठात एक रेघ ओढली. "हे तू दर वर्षी म्हणतेस," तो म्हणाला. चिडून नव्हे, पण नव्यानं ऐकल्यासारखंही नव्हे.

"दर वर्षी मी मनात म्हणते. तोंडानं आज म्हणाले."

"मग जाऊ की ऑक्टोबरात! आधी समुद्र, मग बघू."

मग बघू. तिनं सारणाचा पुढचा ढीग ठेवला. समुद्रानंतरच्या ऑक्टोबरांना काय काय झालं ते तिला पाठ होतं: नोएमीची परीक्षा, सासूचं खुब्याचं हाड, गच्चीची गळती, ऑस्वाल्दोचा गुडघा. आणि निवृत्त माणसांच्या घरात एका वर्षात दोन सुट्ट्या होत नाहीत, हे त्यालाही कळत होतं आणि तिलाही. पोळीची घडी घालून तिनं कडा दाबल्या. बोटं नेहमीपेक्षा भराभर चालत होती. आधी वाटलं भीती आहे. मग लक्षात आलं, छे, भीती कसली, ही तर मजा वाटतेय! लहानपणी सहलीच्या आदल्या दिवशी जे काही वाटायचं तेच हे, शंभर टक्के तेच. ह्या वयात ते परत होतं हे कुणी सांगितलंच नव्हतं.

जेवताना ऑस्वाल्दोनं एक तोडगा काढला आणि तो स्वतःच त्यावर इतका खूश झाला की आन्योलोत्ती गार झाली. "रिमिनी!" तो म्हणाला. "रिमिनीला मुक्काम करू. मी छत्रीखाली. तू सकाळी उठायचं, बस धरायची, उर्बिनो. दुपारी परत. चित्रंही झाली, समुद्रही झाला. सांग, आहे की नाही डोकं?"

"डोकं आहे," नीवेस म्हणाली, "पण ते छत्रीखालीच आहे." आणि तो ठसका लागेपर्यंत हसला. हे त्याचं चांगलं होतं, टोमणा त्याला आवडायचा. पण हसता हसता त्यानं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि हिचं आज काहीतरी निराळं आहे हे त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण नंतर त्यानं चीज मुकाट्यानं स्वतःच उठून आणलं.

भांडी होत नाहीत तोच मिलानोहून नोएमीचा फोन. बापानं आधीच तिला कळवलं होतं, हे उघड होतं. "आई, अगं फ्लोरेन्स! त्यात विचार काय करायचा? सगळे तिथेच राहतात. आरेत्सोला तासाभरात, सिएनाला बस, सगळं हाताशी. मी तुला खोली बघून देऊ का? देतेच बघून."

"नको," नीवेस म्हणाली.

"का पण?"

"फ्लोरेन्सला डोळ्यांना अजीर्ण होतं."

"आई, तू कमाल आहेस. मग कुठे राहणार?"

"तेच ठरवायला चाललेय," ती म्हणाली, आणि कोट चढवून खरोखरच बाहेर पडली.

रविवारची दुपार, दुकानं बंद, कमानींखालची ती लांबच लांब सावली. नीवेस चालत होती. चालता चालता गावं तिच्या शेजारून चालायला लागली, जशी ती वर्षानुवर्षं लागायची, पण आज त्यांच्या चालण्यात घाई होती, जणू आज एकाला खरंच निवडलं जाणार हे त्यांनाही समजलं होतं. उर्बिनो. संध्याकाळी राजवाड्याच्या मनोऱ्यांभोवती पाकोळ्या फिरतात म्हणे, आणि माणूस दिवसभर एका लहानशा चित्रापुढे बसून राहिला तरी कुणी उठ म्हणत नाही. पण उर्बिनो डोंगरावर, मोटारीशिवाय जाणं-येणं म्हणजे वनवास. पेरूज्या? तिथे ती चुलतभावाची बायको भेटेल आणि रोज जेवायला बोलवेल, मग चित्रांचे वांधेच. आणि मग, नेहमीप्रमाणे, सगळ्यांना बाजूला सारून सानसेपोल्क्रो पुढे आलं. ते तिचं लाडकं. गेली कित्येक वर्षं, लोआनोच्या छत्रीखाली डोळे मिटून पडलं की नीवेस सानसेपोल्क्रोत राहायची. तिथे तिची एक खोली होती, लोखंडी कठड्याची छोटी गॅलरी होती, खाली पावाचं दुकान होतं. सकाळी पाव घ्यायचा आणि पाव काखेत मारूनच नगरभवनातल्या त्या चित्रापुढे उभं राहायचं, जिथे शिपाई झोपलेत आणि क्रुसावर गेलेला देवपुत्र कबरीच्या कडेवर पाय देऊन नुकताच उठलाय. मग मोन्तेर्की, वीस मिनिटांवर. किती सोयीचं! दुसरं गाव ह्याच्या पासंगालाही पुरणार नाही. तिनं मनातल्या मनात गॅलरीत खुर्ची टाकली, बसली, आणि खाली वाकून पाहिलं.

खाली मोटार उभी होती. ऑस्वाल्दोची करडी मोटार, पुढच्या चाकावर नेहमीचा ओरखडा असलेली.

नीवेस कमानीखाली थबकली. मागून येणारे एक गृहस्थ तिच्यावर आदळता आदळता वाचले, पुटपुटले, निघून गेले. मोटार. ती नेहमीच तिथे उभी असायची. इतक्या वर्षांत गॅलरीतून खाली पाहिलं आणि मोटार नाही असं कधी झालंच नव्हतं. फक्त चालवणारा कुठे दिसत नव्हता, त्याला ती चित्रातून सोयीस्करपणे वगळायची. वीस मिनिटांवर मोन्तेर्की, पण ती वीस मिनिटं कुणाच्या चाकांवर? नीवेसला गाडी चालवता येत नव्हती, कधी शिकलीच नाही. आणि मग एकेक गाव तिच्यापुढे उभं राहिलं, ह्या वर्षीचं, गेल्या वर्षीचं, त्याच्या आधीचं. डोंगरावरचं, दरीतलं, आडवाटेचं. एका वर्षी तर तिनं असं खेडं निवडलं होतं की तिथे पावालाही मोटार काढावी लागली असती! मोठ्या रेल्वेमार्गावरचं गाव तिनं आजवर एकदाही निवडलं नव्हतं. एकदाही नाही. म्हणजे ऑस्वाल्दोनं नेलं तरच जाता येईल अशाच ठिकाणी ती दर वर्षी मुक्काम ठोकायची, आणि मग तो नेत नाही म्हणून छत्रीखाली पडून सुस्कारे टाकायची. मग अडवत कोण होतं इतकी वर्षं? ह्या प्रश्नानं तिला खरं तर रडू यायला हवं होतं. पण आलं नाही. उलट अंगातून काहीतरी सळसळत वर आलं, कारण अडवणारी आपणच असू तर सोडणारीही आपणच की! इतकं सोपं! ती कमानीखाली उभी राहून मोठ्यांदा म्हणाली, "आरेत्सो!" समोरच्या बाकावरच्या म्हातारीनं कुत्र्याचा पट्टा आवळला.

आरेत्सो. बिचारं किती वर्षं तिच्या नजरेसमोर उभं होतं आणि तिनं त्याला निव्वळ स्टेशन आहे म्हणून नाकारलं होतं. तोरिनोहून निघायचं, फ्लोरेन्सला गाडी बदलायची, आरेत्सोला उतरायचं. स्टेशनाबाहेर सरळ वर चढणारा रस्ता. वर ते विटांचं, समोरून ओबडधोबड राहून गेलेलं चर्च, आणि आत वेदीमागे तिन्ही भिंतींवर क्रुसाच्या लाकडाची ती सगळी गोष्ट: राण्या, घोडे, उंचच उंच विचित्र टोप्या, रात्रीच्या तंबूत झोपलेला राजा. सगळे तिच्या ओळखीचे, ठिपक्याठिपक्यांनी. सकाळी दार उघडताच आत जायचं. दुपारी, चर्चं बंद असताना, मस्त झोपायचं. आणि एक दिवस सानसेपोल्क्रोची बस पकडायची, फाट्यावर उतरायचं, आणि टेकडीवरच्या मोन्तेर्कीला पायी जायचं. पायी! आता ती तिथल्या कबरस्तानात नाही, गावातल्या जुन्या शाळेत नेऊन ठेवलीय म्हणे. असू दे. झगा तोच आहे ना. नीवेस घरी परतली ती जवळजवळ पळतच, आणि जिन्यात तिला कळलं की आपण शीळ घालतोय, जी तिला कधीच नीट जमत नसे आणि आताही जमत नव्हती.

ऑस्वाल्दो रेडिओवर फुटबॉल ऐकत होता. त्याला आधी सांगायला हवं होतं. जिन्यात तिनं तसं ठरवलंही होतं. पण दार उघडलं तेव्हा तोरिनोचा संघ हरत होता, आणि हरणाऱ्या संघाच्या माणसाशी कुणी बोलत नसतं. आणि थांबले तर गेलं, हेही तिला आतून कळत होतं. आधी जोबात्ताला सांगू, म्हणजे पक्की गाठ बसेल, मग ह्याला. तिनं घरातल्या बोळात उभं राहून फोन लावला.

"जोबात्ता? मी नीवेस. लिहून घ्या. ह्या वर्षी एकच खाट."

लांबवर समुद्र ऐकू येत होता, किंवा फोनच तसा खरखरत होता.

तोंडातून शब्द गेल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला. एकच खाट! लोआनोच्या किनाऱ्यावर ह्याचा अर्थ फक्त एकच होता. दर ऑगस्टला पहिल्या दिवशी लोक पायऱ्या उतरून येत आणि आधी समुद्राकडे नाही, तर शेजारच्या छत्र्यांखाली बघत. जिथे दोनाची एक खाट झालेली असे तिथे कुणी काही विचारत नसे, सरळ जाऊन हात हातात घेत. मोंदोवीच्या देल्फिनाबाईंची खाट एकटी दिसली तेव्हा नीवेसनंच सगळ्यांच्या आधी जाऊन त्यांना जवळ घेतलं होतं.

"नीवेसबाई," जोबात्ता हळहळला. "मी... मला सकाळीच शंका आली. तुम्ही थांबा म्हणालात तेव्हाच माझ्या मनात चर्र झालं. काय माणूस होता हो! पत्त्यात फसवायचा, पण काय माणूस!"

नीवेसला बोलायचं होतं. पण हसू असं उसळलं की ती भिंतीला टेकली, तोंडावर हात दाबला, आणि हाताच्या आडून जो आवाज निघाला तो ऐकून जोबात्ता आणखीनच कळवळला.

"रडा, बाई, रडा. मोकळं व्हा. फार दिवस अंथरुणात होते का?"

"काय झालं?" ऑस्वाल्दो बोळात आला होता. संघ हरला असावा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं घाबरून फोन काढून घेतला. "कोण बोलतंय? जोबात्ता? मी ऑस्वाल्दो!"

"कोण?"

"अरे ऑस्वाल्दो! काय सांगितलंस तू हिला?"

नीवेसला जोबात्ताचं बोलणं शब्दन् शब्द ऐकू येत होतं, इतका तो ओरडत होता. "पण मग एक खाट कुणाची?" तो विचारत होता. "तुम्ही जिवंत, बाई जिवंत, मग एक खाट कुणाची?"

ऑस्वाल्दोनं फोन हळूच खाली केला. नीवेसचं हसू थांबलं. असं कळायला नको होतं त्याला, फोनवरून, तिऱ्हाइताकडून. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो रांगेत पुढे उभं राहूनही ज्याच्या तोंडावर खिडकी बंद झाली अशा माणसासारखा दिसत होता.

"तू येणार नाहीस," तो म्हणाला.

"नाही. मी आरेत्सोला जाते."

"आरेत्सो?" त्याच्या कपाळाला आठी पडली. "सानसेपोल्क्रो म्हणायचीस ना तू?"

तिला धक्काच बसला. "मी कधी म्हणाले?"

"दर वर्षी. छत्रीखाली झोपेत बडबडतेस. पाव घ्यायला जातेस तिथे."

इतकी वर्षं तिला वाटत होतं की ते गाव फक्त तिचं आहे, आणि हा शेजारच्या खाटेवर पडून ऐकत होता, गप्प राहून. "सानसेपोल्क्रोला मोटार लागते," ती शेवटी म्हणाली. "आरेत्सोला स्टेशन आहे."

त्याला कळायला वेळ लागला नाही. छत्तीस वर्षं एका छताखाली काढल्यावर माणसाला असली वाक्यं समजतात. तो फोनकडे, मग तिच्याकडे, मग पुन्हा फोनकडे बघत राहिला. आतून जोबात्ता हॅलो, हॅलो करत होता.

"मी नेतो तुला," ऑस्वाल्दो म्हणाला. "खरंच. सानसेपोल्क्रो. ऑगस्टातच. छत्री जाऊ दे कुनेओवाल्यांना. आईला काय वाटायचं ते वाटू दे."

हे त्यानं ह्या जन्मात पहिल्यांदा म्हटलं होतं. हो म्हण, एक मन म्हणालं, हो म्हण, इतका मोठा माणूस झालाय आज, पहिली रांग सोडायला निघालाय तुझ्यासाठी. गॅलरी, पावाचं दुकान, खाली करडी मोटार, आणि ह्या वेळी चालवणाराही दिसतोय, दाराला टेकून उभा. उन्हात, गुडघा चोळत, घड्याळ न बघण्याचा प्रयत्न करत. आणि आत भिंतीपुढे ती, पाठीला डोळे फुटल्यासारखी, तो बाहेर उभा आहे हे क्षणभरही न विसरता. तिचा जीव त्याच्यासाठी इतका तुटला की तिनं त्याचा हात धरला.

"नको," ती म्हणाली. "तू बाहेर थांबशील."

"थांबेन की! कितीही वेळ. सिगारेट तर कधीच सोडलीय मी."

"तेच तर," नीवेस म्हणाली. "आता कधी हॉर्न वाजवायचा ते तुला कळणारही नाही. उभाच राहशील."

तो हसला नाही. पण त्याचा हात तिच्या हातात थोडा सैल झाला. मग त्यानं फोन कानाला लावला. "जोबात्ता, ऐक. दोन ठेव."

"दोन?"

"हो, दोन. एक रिकामी राहील. राहू दे. मी काय दिवसभर लोकांना सांगत बसू, की मेली नाही, चित्रं बघायला गेलीय? तिच्या खाटेवर टॉवेल टाकून ठेवीन. आणि पत्त्यात मी फसवत नाही, हे लक्षात ठेव!" त्यानं फोन बंद केला आणि तिच्या हातात दिला. तो फोन ठेवून देईल असं तिला वाटलं होतं. "लाव," तो म्हणाला. "आत्ता. नाहीतर उद्या म्हणशील, मग बघू. तुला ओळखतो मी."

आरेत्सोला खोल्याही भाड्यानं देणाऱ्या एका खानावळीच्या बाईचा नंबर तिच्याकडे होता, छापखान्यातल्या एका मैत्रिणीनं कधीतरी दिलेला, स्टेशनावरून वर जाणाऱ्या रस्त्यावरच्या घराचा. घंटा वाजत राहिली. ऑस्वाल्दो तिथेच उभा, रेडिओ बंद करायलाही गेला नाही.

"बोला," पलीकडून एक घाईतला आवाज आला. मागे भांड्यांचा खडखडाट.

"ऑगस्टात खोली हवी होती."

"किती माणसं?"

"एक," नीवेस म्हणाली.

"एक. बरं," बाई म्हणाली. भांड्यांचा आवाज चालूच होता. कुणी हळहळलं नाही, कुणी हात हातात घेतला नाही. "रस्त्याकडची देऊ की मागच्या अंगणाकडची?"

इतकी वर्षं गावामागून गाव निवडत आणि खोडत आलेली नीवेस क्षणभरही थांबली नाही. "रस्त्याकडची."

"सकाळी फार आवाज असतो हो तिथे. आधीच सांगते."

"असू दे," नीवेस म्हणाली. "मला लवकरच उठायचंय."